बुजरा घोडा आणि नालबंदाचा हात

विरार सोडून गाडी वैतरणेच्या पुलावर आली की मुंबईचा गलका मागे पडतो. मग सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि बोईसर. पूर्वेला डोंगर आणि भातखाचरे, पश्चिमेला नारळाच्या वाड्या, खाडी आणि समुद्र. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला हा पालघर जिल्हा. इथला शेतकरी भात लावतो, केळवे-माहीमचा बागायतदार पानवेल जपतो, सातपाटीचा कोळी समुद्रावर जातो. घरटी घोडा असावा असा हा मुलूख नव्हे.

तरीही घोडा इथल्या माणसांच्या ओळखीचा आहे. वारली घरात लग्न निघाले की भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते आणि शेजारच्या लहान चौकात पाच शिरांचा देव घोड्यावर बसलेला असतो. तारापूरच्या किल्ल्याने तर मराठ्यांची घोडी जवळून पाहिली. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला. त्याच वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्या काळी मोहिमेपूर्वी स्वारांना तयारीसाठी जी आगाऊ रक्कम देत, तिला ‘नालबंदी’ म्हणत. घोड्याचे पाय धड तर स्वारी धड, हा हिशेब त्या एका शब्दात आला आहे.

आज केळव्याच्या किनाऱ्यावर शीतलादेवीचे दर्शन घेऊन सुरूच्या बनाकडे वळले की पर्यटकांना फिरवणारे घोडे दिसतात. लग्नसराईत घोडी वरातीला जाते. ज्याच्या घरी एकच घोडा आहे, त्याच्या घराची चूल त्या चार पायांवर पेटते. वाळूत नाल नसला तरी एखादे वेळी चालून जाईल. पण किनारा ते गाव आणि गाव ते मांडव हा रस्ता डांबरी. तिथे उघडा खूर झिजतो, चिरतो आणि घोडा लंगडू लागतो.

घोड्याचे नख महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. म्हणून दर ६ ते ८ आठवड्यांनी जुना नाल काढायचा, वाढलेले नख कापायचे, कानस मारायची आणि नाल पुन्हा बसवायचा. आपल्या बैलाला पत्री मारायची तर त्याला दोराने पाडतात, पाय बांधतात आणि काम उरकतात. घोड्याचे तसे नाही. त्याला उभ्यानेच नाल मारतात. एक पाय नालबंदाच्या मांडीवर द्यायचा आणि बाकी तिघांवर तोल सांभाळायचा. संकट आले की पळायचे, एवढेच ज्या जनावराला निसर्गाने शिकवले, त्याचा पायच आपण धरून ठेवतो. बुजला तर नवल काय?

आणि बुजणे महागात पडते. खिळा नखाच्या बाहेरच्या निर्जीव भिंतीतून जातो, तिथे दुखत नाही. ऐन वेळी पाय हिसडला तर तो आतल्या जिवंत भागात शिरतो. मग पू होतो, घोडा उभाच राहत नाही आणि हंगाम बुडतो. घोड्याला धनुर्वाताची भीती फार. त्याची लस पशुवैद्याकडून वेळेवर घ्यावी. दुसरा धोका नालबंदाला. भिंतीबाहेर आलेले खिळ्याचे टोक मोडण्याआधी पाय ओढला गेला, तर त्याची मांडी फाटते. गावोगाव नालबंद राहिलेले नाहीत. एकदा लाथ बसलेला नालबंद त्या दारी पुन्हा यायला मागत नाही.

जाणता नालबंद आल्याबरोबर हातोडी काढत नाही. आधी घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभा राहतो. नाकासमोर अगदी जवळचे आणि शेपटीच्या थेट मागचे घोड्याला दिसत नाही, म्हणून तो तिकडून येत नाही. “पाय बांधू का, चाचा?” असे कुणी पोराने विचारले, तर त्याचे उत्तर ठरलेले असते: “बांधू नको बाळा, आधी बोल त्याच्याशी.” मग खांदा, कोपर, गुडघा असा हात खाली उतरतो. पाय हळू उचलायचा, पोटाखालीच ठेवायचा, बाहेर ओढायचा नाही. पहिल्या खेपेला फार वेळ धरायचा नाही.

पण खरे काम नालबंद येण्याआधीचे, आणि ते घरच्यांचे. रोज संध्याकाळी खरारा करताना चारही पायांवरून हात फिरवावा. आज नुसता हात, उद्या क्षणभर उचललेला पाय, आठवड्याने थोडा अधिक वेळ. यात एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. घोडा शांत असतानाच पाय खाली ठेवावा आणि त्याला गोंजारावे. तो हिसडा देत असताना सोडला, तर हिसडा दिल्यावर सुटका होते एवढेच तो शिकतो. मारले तर याहून वाईट. मग त्याला नालबंदाची नुसती चाहूलही पुरते.

आवाजाची सवयही घरीच लावावी. उचललेल्या खुरावर आधी तळहाताने, मग लाकडाच्या तुकड्याने हळू ठोकावे. बोईसर-तारापूरचा रस्ता आठवा. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, आणि आता त्या रस्त्यावर मालमोटारींची रीघ असते. अशा रस्त्याने घोडा आणून त्याच घटकेला नालबंदापुढे उभा करू नये. जागा सपाट, सावलीची आणि गलक्यापासून दूर हवी. आधी थोडे चालवून अंग मोकळे करावे, माशा वाराव्यात, जवळ ओळखीचे दुसरे जनावर असू द्यावे. मोरखी ओळखीच्या माणसाच्या हाती असावी. बांधायचाच झाला तर एका हिसक्यासरशी सुटेल अशी गाठ घालावी. लहान मुलांना मागे फिरकू देऊ नये.

नेहमी शांत उभा राहणारा घोडा एकाएकी पाय देईनासा झाला, तर तो खोडकर झाला असे समजू नये. पाय दुखत असेल. म्हाताऱ्या घोड्याचे सांधे आखडतात; त्याचा पाय खाली, थोडाच वेळ धरावा. इथल्या पावसाळ्यात खूर भिजून मऊ पडतो, खिळे ढिले होतात, तळाला घाण वास येऊ लागतो. अशा वेळी खूर रोज साफ करावे, गोठा कोरडा ठेवावा आणि पशुवैद्याला दाखवावे.

बैल असो, म्हैस असो की घोडा, जनावर माणसाचा हात ओळखते. शेजारी शिंगरू जन्मले असेल, तर त्याच्या पायांना आजपासूनच हात लावायला सांगा. पुढे त्याला नाल मारताना नालबंदाला घाम फुटणार नाही आणि घोड्यालाही.