इंझोरीतली उमेदवारी

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले इंझोरी हे काही प्रवासवर्णनात यावे असे गाव नव्हे. लेणी नाहीत, किल्ला नाही, थंड हवा तर नाहीच नाही! यात्रेकरू जातात ते कारंज्याला, नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानी. नाहीतर पोहरादेवीला, सेवालालमहाराजांच्या समाधीला. इंझोरीला उतरतो तो ज्याचे कोणी तिथे आहे तोच. माझे मामा तिथे आहेत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तेव्हा सोयाबीन निघाले होते, तूर फुलावर होती आणि कापसाने शिवार पांढरे होऊ लागले होते. एस्टीतून उतरतो न उतरतो तोच पारावरून हाक आली, "कोन, मास्तर काय? मामाले भेटाले आले वाटते!" वऱ्हाडात पाहुण्याला आपले नाते सांगावे लागत नाही.

या खेपेला मामांच्या घरी माझी पुतणीही होती. ती संगीतोपचार शिकते. त्या अभ्यासक्रमातली उमेदवारी, म्हणजे शहरी भाषेत इंटर्नशिप, करायला ती पोळ्यापासून इंझोरीत राहिली होती. "इस्पितळ सोडून खेड्यात?" असे मी विचारले, तेव्हा म्हणाली, "काका, माणूस इस्पितळात आठ दिवस असतो, बाकी सगळा गावातच असतो. त्याचे गाणेही गावातच."

संगीतोपचार म्हणजे अमुक राग तापावर आणि तमुक राग निद्रानाशावर, अशी माझी समजूत. वैद्याच्या पुड्याच, फक्त सुरांच्या! तिने ती हसून मोडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जखमी सैनिकांच्या इस्पितळांत वादक जाऊ लागले. नुसते चांगले वाजवता येणे तिथे पुरत नाही, हे लवकरच ध्यानात आले. आणि १९४४ साली मिशिगनमध्ये या विषयाचा पदवी अभ्यासक्रम निघाला. आज तिकडच्या विद्यार्थ्याला १२०० तास प्रत्यक्ष माणसांत काम करावे लागते.

मामा भजनी मंडळातले. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि खंजिरीवरचे भजन वऱ्हाडाच्या गावोगावी पोचले. त्या खंजिरीवर मामांचे आयुष्य गेले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. समजे सगळे, शब्द मात्र ओठांशी येऊन अडे. डॉक्टरांचे औषध आणि व्यायाम चालूच होते.

पुतणी आली ती गाण्यांची यादी घेऊन. मामांनी भिंतीकडे तोंड केले. मग तिने यादी मिटली आणि रोज संध्याकाळी मंडळाच्या प्रार्थनेत मागे बसून ठेका धरू लागली. महिन्याभराने तिने मामांपुढे खंजिरी धरली आणि विचारले, "आजोबा, वाजवता?" खंजिरी तिच्या हातात, थाप मामांच्या डाव्या हाताची. आणि भजनाचा चरणच्या चरण त्यांच्या तोंडून आला! घरातली माणसे रडली म्हणतात.

पण त्याच रात्री मामांना साधे पाणी मागता आले नाही. "गाणे आले म्हणजे बोलणे आले असे नव्हे," पुतणी म्हणाली. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की बोलणे अडते, तरी पाठ गाणे पुष्कळदा शाबूत राहते. या अनुभवावरून बोस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ साली एक पद्धत मांडली: छोटे शब्द दोन सुरांत म्हणायचे, डाव्या हाताने ताल द्यायचा, आणि हळूहळू सूर कमी करत बोलण्याकडे यायचे. सर्वांनाच गुण येतो असे नाही.

ती शिकवणी मी पाहिली. "पा-णी." मामांचा डावा हात खाटेवर दोनदा पडला. "पा..." ओठ थरथरले. मला राहवेना, मी म्हणालो, "पाणी!"

"काका, थांबा ना," पुतणी हळूच म्हणाली.

मामांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, दमून. वीस वर्षे वर्गात बोलून पोट भरणारा मी! दोन वर्षे त्यांच्या प्रत्येक शब्दावर झडप घालत होतो आणि त्याला माया समजत होतो. त्या रात्री मी पुतणीची वही मागितली. "आजोबांची गोष्ट आजोबांची," म्हणून तिने ती दिली नाही. तेही बरोबरच.

निघायच्या दिवशी मामांच्या पाया पडलो. आमच्याकडे निरोपाचा शब्द एकच: येजो. मामांचा डावा हात खाटेवर पडला. "ये..." बाहेर एस्टीचा भोंगा वाजला. हात पुन्हा उचलला गेला, तसाच अधांतरी राहिला.

तो शब्द माझ्या जिभेवर होता. मी गप्प बसलो. एस्टी गेली; संध्याकाळी दुसरी होती.