डावा कोपरा

आमच्या गांवांत सर्वांत अधिक वर्दळ असते ती भर उन्हाळ्यांत. परगांवच्या वाचकांस हें चमत्कारिक वाटेल. परंतु बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस त्याचें कारण सांगावयास नको. दसरा-दिवाळी झाली कीं ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा आणि कर्नाटक या बाजूंच्या कारखान्यांकडे निघून जातात, आणि मागें म्हातारीं माणसें व दारांवरचीं कुलुपें एवढींच राहतात. फाल्गुन-चैत्रांत टोळ्या परततात, कुलुपें निघतात, आणि मारुतीच्या पारावर पुन्हां सभा भरूं लागते. गेल्या कित्येक वर्षांत या सभेपुढें जो विषय येतो, तो पाऊसपाण्याचा नव्हे कीं लग्नकार्याचाहि नव्हे. तो असतो प्रो कबड्डीच्या लिलावाचा.

ज्या पालकांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द. ही स्पर्धा सन २०१४ मध्यें सुरू झाली. एक हंगाम संपून दुसरा सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक संघ कांहीं खेळाडू आपणाजवळ ठेवतो, कांहीं मोकळे करतो, आणि मोकळ्या खेळाडूंवर सर्व संघांचे मालक बोली बोलतात. आमच्या लहानपणीं हुतूतूच्या सामन्यांत मोठें बक्षीस म्हणजे नारळ व टोपी. आतां आंकडे कोटींत बोलतात, आणि ज्यांनीं दहा हजार रुपये मोजतांना दोनदां बोट ओलें केलें असेल अशीं माणसें पारावर बसून “दोन कोटि जास्त झाले” किंवा “स्वस्तांत गेला” असा अभिप्राय देतात. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आम्ही स्वतः त्यांतलेच आहों.

सन २०२५ च्या उन्हाळ्यांत वाद पेटला होता तो पुण्याच्या संघाच्या डाव्या कोपऱ्याबद्दल. त्या वादास मागचा इतिहास होता. २०२२ सालीं पुणेरी पलटणनें फजल अत्राचली या इराणी कोपरारक्षकास १ कोटि ३८ लक्ष रुपयांस घेतलें. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि जयपूरकडून ३३-२९ असा हरला. पुढील वर्षीं फजल गेला व त्याच डाव्या कोपऱ्यासाठीं दुसरा इराणी, मोहम्मदरेझा शादलुई, २ कोटि ३५ लक्ष रुपयांस आला. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस पुण्यानें हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून अजिंक्यपद मिळविलें. संघाचा नायक अस्लम इनामदार हा आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यांतला. त्यामुळें त्या रात्रीं आमच्या गांवानेंहि गुलाल उधळला. आणि इतकें झाल्यावर पुण्यानें शादलुईस मोकळें केलें! हरियाणानें त्यास २ कोटि ७ लक्षांस उचललें आणि २९ डिसेंबर २०२४ रोजीं अजिंक्यपद पटकाविलें, तेंहि कोठें, तर पुण्याच्या बालेवाडींत. पुणें त्या वर्षीं बाद फेरींतसुद्धां नव्हतें.

पिठाच्या गिरणीचे मालक आप्पा यांचें म्हणणें असें कीं हा सरळसरळ करंटेपणा होय. “काय गुरुजी, कोपरा रिकामा ठेवून कुठं सामने जिंकतेत का?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. निवृत्त पोस्टमन तात्या यांचा पक्ष उलट. त्यांच्या मतें संघ पडला तो इनामदार जायबंदी झाला म्हणून; एका बचावपटूवर एवढा पैसा ओतला तर बाकीचे सहा आणायचे कोठून? आम्ही आप्पांच्या पक्षाचे. आमच्याकडे शाळेच्या कबड्डी संघाचें काम असल्यामुळें या विषयांत आमच्या शब्दास वजन आहे, असा आमचा समज होता, आणि त्या भरांत एका संध्याकाळीं आम्हीं पारावर लहानसें व्याख्यानच दिलें.

आम्हीं सांगितलें कीं चढाईपटूचें काम दिसतें, कोपरारक्षकाचें दिसत नाहीं. चढाईवाला एका दमांत दोन-तीन गडी टिपून टाळ्या घेतो. पकड करणाऱ्यास एका पकडीचा एकच गुण, आणि गडी तीन किंवा कमी उरले असतील तरच दोन. म्हणून भावहि चढाईचा. २०१८ च्या लिलावांत सहा खेळाडू कोटीस पोंचले, त्यांत निखळ बचावपटू एकच, तो फजल. परंतु कोपरा हा सांखळीचा शेवटचा दुवा. चढाईवाला बोनस रेषेकडे पाय लांबवितो त्या क्षणाची वाट पाहत खालीं वांकून उभें राहावयाचें, लवकर झेंप घेतली तर आपण बाद, उशीर झाला तर तो मध्यरेषेपार. चांगला कोपरा आहे तोंवर प्रतिपक्षाचा गडी त्या बाजूस फिरकतच नाहीं, आणि न फिरकण्याचा हिशेब कोणी लिहीत नाहीं. तो नसला म्हणजेच कळतें कीं तेथें कोण उभा होता.

व्याख्यान सर्वांस आवडलें. पाराच्या कडेला आमच्या शाळेचा डावा कोपरा स्वतः बसला होता. दहावींत गेलेला, अंगानें किरकोळ, सभेंत कधीं न बोलणारा मुलगा. पण समोरच्याचा घोटा एकदां हातांत सांपडला कीं सुटत नसे. तो गालांत हंसला, एवढें आम्हांस आठवतें.

३१ मे रोजीं मुंबईंत लिलाव सुरू झाला. मोबाईलच्या एका पडद्याभोंवतीं वीसेक माणसें दाटलीं होतीं. आमच्या टोळीचे मुकादम सर्वांत पुढें. खेळाडूच्या किंमतीचा अंदाज त्यांच्याइतका अचूक दुसऱ्या कोणाचा नसे, आणि त्याचें कारणहि त्यांनींच सांगितलें: “ही बी उचलच की गुरुजी! पैसे आधी, घाम मागून.” मोठा हंशा पिकला. आम्हीहि हंसलों. शादलुईची बोली दोन कोटींवर गेली तेव्हां पुणें पुन्हां हात वर करील काय, या उत्कंठेनें आमचा श्वास कोंडला होता. अखेर तो गुजरातकडे गेला, २ कोटि २३ लक्षांस. त्याच सुमारास मुकादम उठून पाराच्या मागें गेले आणि त्यांच्याबरोबर आमच्या डाव्या कोपऱ्याचे वडीलहि गेले. दोघे बराच वेळ लिंबाखालीं बोलत उभे होते. तें आम्हीं पाहिलें होतें. परंतु आमचें सारें लक्ष पुण्याच्या कोपऱ्याकडे!

ऊसतोडीचा हिशेब ज्यांस माहीत आहे, त्यांस पुढील गोष्ट कळलीच असेल. एक कोयता म्हणजे दोन माणसें, बहुधा नवरा-बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुलाच्या आईस पाठीचें दुखणें जडलें होतें, डोक्यावर मोळी चढविणें तिला शक्य नव्हतें. तरी वडिलांनीं उचल घेतली ती पुऱ्या कोयत्याची. उरलेला अर्धा कोण, हें त्यांच्याखेरीज मुकादमांस ठाऊक होतें, आणि बहुधा मुलासहि.

आम्हांस तें कळलें दसऱ्यानंतर. मध्यंतरीं आमच्या संघानें तालुक्याचे सामने जिंकले होते. सप्टेंबरांत पावसानें जिल्हाभर हाहाकार केला, सोयाबीन व कापूस पाण्यांत गेले, आणि जिल्ह्याचे सामने दिवाळीपुढें गेले. त्या सामन्यांसाठीं नांवें लिहितांना मुलगा म्हणाला, “सर, माझं नका घेऊ.” आम्ही त्याच संध्याकाळीं त्यांच्या घरीं गेलों. दहावीचें वर्ष आहे, हंगामी वसतिगृहाची सोय आहे, मुलाच्या जेवणाखाण्याची काळजी आम्ही घेऊं, असें पुष्कळ बोललों. वडिलांनीं सर्व ऐकून घेतलें. आमच्यापुढें चहा ठेवविला. मग हळूच म्हणाले, “गुरुजी, तुम्ही जूनमधी बोलला असतात तर मी अर्ध्याच कोयत्याची उचल घेतली असती. तवा तुम्ही पारावर रोज असायचात की.” त्यांच्या आवाजांत राग नव्हता. आम्हीं चहा घेतला व उठलों.

दिवाळीनंतर ट्रक आले. भांडीं, पत्रे, अंथरुणें, शेळ्या, लेंकरें, असा तो नेहमींचा सरंजाम वर चढला. मुलानें दप्तरहि घेतलें होतें.

३१ ऑक्टोबर रोजीं दिल्लीस अंतिम सामना झाला. पुणें महागड्या कोपऱ्यावांचूनहि तेथवर पोंचलें होतें, म्हणजे तात्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें, हें कबूल करणें प्राप्त आहे. पारावर आम्ही तिघेच, आप्पा, तात्या आणि आम्ही. पुणें ३१-२८ असें हरलें. दिल्लीच्या बचावांत फजल होता, तोच आपला २०२२ चा. आप्पांनीं तात्यांकडे पाहिलें. पण दोघांसहि भांडण्याची हौस उरली नव्हती.

रात्रीं उशिरां सांगली जिल्ह्यांतील एका फडावरून मुलाचा फोन आला. कोपी उभी झाली होती, दुसऱ्या दिवसापासून तोड सुरू होणार होती, आणि सामना पाहावयास मिळाला नव्हता. आम्हीं गुण सांगितले. थोडा वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, “सर, आपल्या डाव्या कोपऱ्यात कोण?”

नववींतला एक मुलगा उभा करीत आहों, असें आम्हीं सांगितलें.

“तो घाई करतो. त्याला सांगा, पाय दिसला की धावू नको. बोनसला पूर्ण लांबवू दे आधी.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सरावाच्या वेळीं आम्हीं तो निरोप जसाच्या तसा पोंचविला. नववींतल्या मुलानें तो दोनदां विचारून घेतला आणि डाव्या कोपऱ्यांत जाऊन उभा राहिला.