लिंबूटिंबू

अंगणातल्या खेळांचे नियम कोणी लिहून ठेवले नव्हते. तरी एक नियम असा होता, की तो मोडण्याचे धाडस आडदांड पोरेही करीत नसत. मोठ्यांच्या खेळात शिरू पाहणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घ्यायचे. त्याने धावायचे, लपायचे, लगोरीवर चेंडू मारायचा, सर्वांबरोबर ओरडायचे. मात्र तो बाद झाला तरी बाद नाही आणि त्याच्यावर राज्य नाही. कुठे त्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणत. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येई, ‘‘त्यालाही घ्या रे!’’ आणि खेळ पुढे सुरू होई.

शब्द थोडा हिणवणारा आहे खरा. पण त्यामागे पिढ्यांचे शहाणपण आहे. लहान मुलाला खेळात आणायचे तर आधी त्याला हरण्याच्या भयातून सोडवावे लागते, हे अंगणाला ठाऊक होते. आणि हे लिंबूटिंबूपण कायमचे नसे. एखाद्या संध्याकाळी ते मूल आपणहून पाय आपटून म्हणे, ‘‘मी आता लिंबूटिंबू नाही. माझ्यावर राज्य येऊ दे.’’ ती वेळ वडीलधाऱ्यांनी ठरवलेली नसे. ती मुलाच्या अंगातून उमटलेली असे.

शहरांतली अंगणे आटली आणि खेळ शिबिरांत गेला. वार्षिक परीक्षा संपल्या, की मुंबईच्या शिवाजी पार्कवर आपल्या उंचीला न पेलणाऱ्या पिशव्या पाठीवर घेतलेली मुले दिसू लागतात. कट्ट्यावर त्यांचे आईवडील बसलेले असतात. त्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कोणी कचेरीतून लवकर निघून आलेला असतो, कोणी घरखर्चाला कात्री लावून बॅट घेतलेली असते. परंतु घरी परतताना या मायेला वेगळीच भाषा फुटते. ‘‘किती धावा केल्यास? तो चेंडू सोडायचा नव्हता का? शेजारचा मुलगा तुझ्याआधी कसा निवडला गेला?’’ मजा आली का, हा प्रश्न तेवढा राहून जातो. हळूहळू मूल चेंडूकडे पाहण्याआधी कट्ट्याकडे पाहायला शिकते. मग एका सकाळी त्याचे पोट दुखू लागते. ते दुखणे खोटे नसते. ‘मला भीती वाटते’ हे सांगण्याची त्याच्यापाशी असलेली ती एकच रीत असते.

याच मैदानावर १९८४ साली अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला रमाकांत आचरेकरांकडे घेऊन आले. एवढ्या नजरांसमोर मुलगा बुजला आणि त्याचा खेळ काही रंगला नाही. अजितनी आचरेकरांना विनंती केली, की त्याला आणखी एक संधी द्यावी. मात्र आपण निघून गेलो असे भासवून दुरून पाहावे. आचरेकर झाडाआड जाऊन उभे राहिले. पाहणारे डोळे दूर झाले असे वाटताच मुलगा मोकळेपणाने खेळू लागला. सचिन तेंडुलकरांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा प्रसंग नोंदवला आहे.

आचरेकर मवाळ गुरू होते असे नव्हे. ते यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. शेवटपर्यंत बाद न होणाऱ्या फलंदाजाला ते मिळे. तशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली. ‘छान खेळलास’ असे गुरूंनी आपल्याला कधी म्हटले नाही, हे त्यांनी २०१३ साली वानखेडेवरील निरोपाच्या भाषणात हसत सांगितले. पण ही कठोरता आली ती मुलाला खेळाचे वेड लागल्यानंतर. ते वेड लावण्यासाठी ती वापरली गेली नाही. घरी वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते. मुलाचा रस्ता त्यांनी आखून दिला नाही. अकराव्या वर्षी त्यांनी आपल्याला स्वातंत्र्य दिले आणि आडवाटेने जाऊ नकोस एवढेच बजावले, असे त्याच भाषणात मुलाने कृतज्ञतेने म्हटले. आज शिबिरे भरतात ती बहुधा या मुलाच्या धावा आठवून. त्या कथेतले झाड मात्र विसरले जाते.

ज्या मुलाला असे झाड लाभत नाही, त्याचे काय होते? ओडिशातला बुधिया सिंग २००६ च्या मे महिन्यात पुरीहून भुवनेश्वरपर्यंत ६५ किलोमीटर धावला. वय अवघे चार वर्षांचे. ज्या प्रशिक्षकाने त्याला धाववले, त्यानेच त्याला आसरा दिला होता, जेवू घातले होते. म्हणून त्याला दुष्ट ठरवून ही कथा मिटवता येत नाही. रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजत होत्या. पुढे सरकारने अशा धावण्यावर बंदी घातली. बुधियाला धावणे आवडतही असेल. पण चार वर्षांच्या मुलाच्या आवडीवर सात तासांचे ओझे कोणी ठेवावे?

अंगणात त्यालाही तोड होती. दमलेले मूल मूठ ओठांशी नेऊन ‘टाइम प्लीज’ म्हणे, आणि मागे लागलेला गडी जागीच थांबे. १९८९ च्या बालहक्क संहितेने, जी भारताने १९९२ साली स्वीकारली, विश्रांती आणि खेळ हे दोन्ही हक्क ३१ व्या कलमात एकत्र गुंफले आहेत. मुलांनी ते त्याआधीच एका उच्चारात बसवले होते.

याचा अर्थ मुलाला वाऱ्यावर सोडावे असा नाही. चेंडू घरात हाताशी असावा, एकाऐवजी चार खेळ त्याला दिसावेत, रविवारी बापाने स्वतः धावून धापा टाकाव्यात. आपण होऊन नाव घातलेले शिबिर महिनाभर पुरे कर, हा आग्रह रास्तच आहे. मात्र महिना सरल्यावर पुढे जायचे की नाही, हे विचारावे. आणि उत्तर नकारार्थी आले तर चेहरा पडू देऊ नये. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड असतो.

मैदानावर उतरलेल्या बहुतेक मुलांची नावे कोणत्याही संघात लागणार नाहीत. त्यांच्यापाशी उरेल ती पायांतली ओढ. चाळिशीतही संध्याकाळी मोकळे मैदान दिसले की पावले क्षणभर थबकतात, ती ओढ. कट्ट्यावरच्या नजरेने ती एकदा मारून टाकली, की पदकानेही परत येत नाही. म्हणून कट्ट्यावरून उठून थोडे झाडाआड व्हावे. मूल पाय आपटून ‘माझ्यावर राज्य येऊ दे’ म्हणाले, तर ते तिथूनही ऐकू येते.