सगळ्यात फास्ट कुठली?

गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे ६५ हजार दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवणार, अशी बातमी २०२२ मध्ये आली. ती वाचून एका शिक्षणसंस्थेचे सचिव आमच्या पुण्याच्या ऑफिसात आले. बनावट गुणपत्रिका पकडता यावी, एवढीच त्यांची गरज. पण पहिला प्रश्न होता, "मॅडम, यातली सगळ्यात फास्ट कुठली?"

तेव्हा सगळे हेच विचारत. सेकंदाला किती व्यवहार, याचे तक्ते फिरायचे: इथेरियम १५, सोलाना ६५ हजार. सोलानाचा तो आकडा कागदावरचा. प्रत्यक्षातला त्याहून खूपच कमी, आणि त्यातही मोठा भाग व्यवहार तपासणाऱ्या व्हॅलिडेटरांच्या आपसातल्या मतांचा. हे तक्त्यात कुणी लिहीत नसे. शिवाय गुणपत्रिका निघतात वर्षातून दोनदा. आम्हाला वेग हवा होता कशाला?

तरी मी एकच छोटं कॉन्ट्रॅक्ट तीन चेनवर लिहून पाहिलं. इथेरियमसाठी सॉलिडिटीत ते पानभरात झालं, आणि तेच जसंच्या तसं पॉलिगॉनच्या टेस्टनेटवरही चाललं. त्या टेस्टनेटचं नाव होतं मुंबई. पॉलिगॉन भारतीय संस्थापकांची, सुरुवातीला तिला मॅटिक म्हणत. "मुंबईला टाकलंस का?" हा आमच्या ऑफिसातला रोजचा प्रश्न झाला होता.

सोलानावर रस्ट या भाषेशी झटापट करावी लागली. तिथे कोड एका खात्यात आणि माहिती दुसऱ्यात. प्रत्येक नोंदीला वेगळं खातं, आणि ते टिकावं म्हणून त्यात थोडे पैसे अडकवून ठेवायचे. व्यवहार कोणकोणत्या खात्यांना हात लावणार, हेही आधीच सांगायचं. सुरुवातीला हे सगळं जाचक वाटतं, पण वेगाचं मर्म तिथेच आहे. ज्या व्यवहारांची खाती एकमेकांत गुंतलेली नाहीत, ते एकाच वेळी चालवता येतात. इथेरियम ते एकामागून एक चालवते.

कार्डानो मला अभ्यासू वाटली. इथेरियमच्या संस्थापकांपैकी एक, चार्ल्स हॉस्किन्सन यांनी ती उभी केली; स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट तिच्यावर २०२१ च्या सप्टेंबरात आली. व्यवहार पाठवण्याआधीच तो पार पडेल का आणि फी किती लागेल, हे तिथे कळतं. पण आधीच्या व्यवहारातून उरलेल्या एकाच आउटपुटवर दोघांनी एकदम हक्क सांगितला, तर एकाचा व्यवहार फुकट जातो. आणि तिथल्या हॅस्केल भाषेत अडलं की विचारायला माणूस सापडेना. सॉलिडिटीत माझी प्रत्येक अडचण कुणाला तरी आधीच आलेली असायची, उत्तरासकट. इथेरियमची खरी ताकद मला तिथे दिसली. प्रतिस्पर्धी चेनही तिचंच यंत्र उचलून वापरतात, ते उगाच नाही. उलट इओएस या चेनने २०१७-१८ मध्ये वर्षभर टोकन विकून सुमारे ४ अब्ज डॉलर जमवले, पण पैशाने प्रोग्रामरांची वस्ती काही उभी राहिली नाही.

सचिवांची पुढची शंका मात्र नेमकी होती: "ही बंद पडली तर? आणि कुणी मागाहून नोंद बदलली तर?" मी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. सोलाना २०२१ च्या सप्टेंबरात बॉट्सच्या गर्दीने सुमारे १७ तास ठप्प होती. व्हॅलिडेटरांनी आपसात ठरवून ती पुन्हा चालू केली. इथेरियम तशी थांबली नाही, पण २०१६ मध्ये द डीएओ या सामायिक फंडातून ३६ लाख इथर पळवले गेले, तेव्हा बहुतेकांनी मिळून चेनचे नियम बदलून ते इथर परत फिरवले. ज्यांना ते पटलं नाही, ते इथेरियम क्लासिकवर राहिले. सचिव हसले. "म्हणजे तुमच्याकडेही सर्वसाधारण सभा असतेच की!"

शेवटी आम्ही एका परीक्षेच्या सगळ्या गुणपत्रिकांचे हॅश, म्हणजे डिजिटल ठसे, एकात एक गुंफून त्यांचा एकच हॅश इथेरियमवर ठेवायचं ठरवलं. परीक्षेमागे एक व्यवहार. त्यामुळे फीचा प्रश्नही निकालात निघाला. काम चालू असतानाच, सप्टेंबर २०२२ मध्ये, इथेरियमने मायनिंग सोडलं आणि विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून जास्त घटवला, तोही चेन चालू ठेवून. वीस वर्षं टिकायला हवी अशा नोंदीसाठी मला एवढा पुरावा पुरे होता.

नोव्हेंबरात एफटीएक्स हे क्रिप्टो एक्सचेंज बुडालं. सोलानाचे मोठे पाठीराखे तेच, त्यामुळे वर्षअखेर तिचं नाणं १० डॉलरच्या खाली गेलं आणि ऑफिसात तिचं श्राद्ध घालून झालं. मला ती घाई वाटली. चेन चालू होती, आणि रस्ट शिकलेली मंडळी कुठे गेली नव्हती.

मार्च २०२४ च्या डेनकन बदलानंतर इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या बेस, आर्बिट्रम यांसारख्या चेनची फी खूपच उतरली. पण पैसा आता त्यांच्यात विखुरलाय, आणि एकीवरून दुसरीवर न्यायचा तर ब्रिज लागतात. ब्रिज म्हटलं की मला २०२२ मधली रोनिन ब्रिजवरची ६० कोटी डॉलरच्या वरची चोरी आठवते. सोलानावर सगळं एकाच ठिकाणी असतं. मात्र ती फेब्रुवारी २०२४ मध्येही सुमारे पाच तास थांबली होती, हेही खरं.

सध्या दुबईतला एक ग्राहक आलाय. त्याला दिवसभर छोट्या छोट्या रकमा डॉलरच्या स्टेबलकॉइनमध्ये पाठवायच्या आहेत, आणि पाचेक तासांचा खोळंबा त्याला चालणार आहे. त्याच्या प्रस्तावात मी सोलाना वर लिहिलीय, बेस तिच्या खाली.