कडेकडेनं

तिचं लहानपण सदाशिव पेठेत गेलं, तेव्हा घराच्या आसपास फूटपाथ नावाची चीज नव्हतीच, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. वाड्याचे दरवाजे थेट गल्लीत उघडत, ओट्यावर कुणीतरी बसलेलं असे, सायकली घंटी वाजवत जात. मधूनच एखादी रिक्षा यायची आणि माणसांतून वाट काढत पुढे सरकायची. तरी शाळेला निघताना आई सवयीनं सांगायचीच, ‘कडेकडेनं जा गं.’

खरा फूटपाथ तिला भेटला नदीपलीकडे, जंगली महाराज रस्त्यावर. बालगंधर्व रंगमंदिर 1968 साली उघडलं होतं, आणि बालनाट्याला जायचं म्हणजे वडिलांचं बोट धरून पेठेतून पूल ओलांडत चालत जाणं आलं. मोठाली झाडं, रुंद रस्ता, पाताळेश्वराच्या बाजूची गार सावली. याच रस्त्याची एक दंतकथा पुणेकर अजून सांगतात. सत्तरच्या दशकात ‘रेकॉन्डो’ नावाच्या कंपनीनं दहा वर्षांच्या हमीवर तो बांधून दिला आणि पुढे कित्येक दशकं त्याला खड्डा पडला नाही. गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखीही आहे. मात्र ती आहे गाड्या जातात त्या डांबराची. त्याच्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्यांच्या पायाखाली काय होतं, हे कुणी कौतुकानं सांगितल्याचं तिला आठवत नाही.

नोकरी लागल्यावर तिनं लूना घेतली. पुण्याच्याच कायनेटिकनं 1972 साली बाजारात आणलेल्या या गाडीनं शहरातल्या कितीतरी बायकांना कुणाची वाट न बघता घराबाहेर पडायला शिकवलं. पुढे वाडा बिल्डरला गेला, घर कोथरूडला आलं, लूनाच्या जागी स्कूटर आली. सायकलींचं शहर म्हणवणारं पुणे बघता बघता दुचाक्यांचं झालं. 2018 मध्ये तर शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या 36 लाखांवर गेली, आणि लोकसंख्या होती साधारण 35 लाख. माणशी एकाहून जास्त वाहन! हा आकडा तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत झळकला. दोन-चार दिवस चर्चा झाली आणि लोक गाडीला किक मारून कामाला लागले.

फूटपाथकडे तिचं नीट लक्ष गेलं ते आईची चाकाची खुर्ची ढकलायची वेळ आली तेव्हा. तोवर शहाबादी फरश्या जाऊन सगळीकडे पेव्हर ब्लॉक आले होते. लाल-पिवळे, दिसायला छान. वर्षभरात त्यांतले काही खचत, काही वर येत, आणि त्यावरून खुर्चीची पुढची चाकं थडथड नाचत. कडेला डीपीचा पत्र्याचा डबा, पुढे वडापावची गाडी, मग चेंबरचं वर आलेलं झाकण. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी फूटपाथ खाली उतरे आणि पलीकडे पुन्हा वर चढे. एकदा तिनं चक्क शिवणाची टेप नेऊन कडेची उंची मोजली. दहा इंच भरली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत ही कड जास्तीत जास्त 150 मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, असावी आणि चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा मिळावी असं आहे. दुचाक्या वर चढू नयेत म्हणून एके ठिकाणी लोखंडी खांब रोवले होते. त्यांच्या फटीतून स्कूटर तिरकी करून निघायची; खुर्ची काही तिरकी होत नाही. शेवटी मायलेकी रस्त्यावरूनच जाऊ लागल्या. हॉर्न वाजले की आई म्हणायची, ‘अगं, कडेला घे.’ आता कड कुठून आणायची?

त्यानंतर ती या विषयाच्या मागेच लागली. 2016 मध्ये महापालिकेनं पादचारी धोरण मंजूर केलं, रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शक तत्त्वंही ठरवली. त्यांतून जंगली महाराज रस्त्याचं रूप पालटलं: रुंद फूटपाथ, झाडांभोवती बसायला जागा, मुलांना खेळायला कोपरे. तिला हा बदल मनापासून आवडतो. तिथं संध्याकाळी बाकावर म्हातारी माणसं निवांत बसलेली दिसतात, कॉलेजची पोरं फिदीफिदी हसत उभी असतात, आणि कुणालाही मान वळवून मागे बघावं लागत नाही. पण तिथवर पोचायचं कसं, हा प्रश्न उरतोच. कौतुकाचा रस्ता एक आणि त्याला मिळणारे दहा, ते जिथल्या तिथे. चालणारा माणूस काही एकाच रस्त्यावर राहत नाही.

11 डिसेंबर 2021 ला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला, तेव्हा ती मुद्दाम बघायला गेली. रस्त्याच्या मधोमध खुर्च्या, खेळ, गाणी. ओळखीच्या एका साडीच्या दुकानात ती शिरली, तर काकांनी गल्ल्यावरून मान वर केली. ‘ताई, एक दिवस गंमत म्हणून ठीक आहे हो. रोज बंद केला तर गाडीवालं गिऱ्हाईक येणार कुठून?’ तिनं विचारलं, ‘गणपतीत बंद असतो तेव्हा काय करता?’ काका हसले. ‘गणपतीची गोष्ट वेगळी.’

तिला ती वेगळी वाटत नाही. दरवर्षी विसर्जनाला मंडईपासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत सगळं शहर पायी फिरतं, लहान पोरं खांद्यावर घेऊन, मध्यरात्री, पावसात. त्या वेळी कुणी पार्किंग कुठंय म्हणून भांडत नाही. गाडी लांब कुठेतरी लावून मुकाट्यानं चालतात. काकांच्या काळजीत तथ्य नाही असं मात्र नाही. कोथरूडहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या कुटुंबाला पिशव्या घेऊन जायचं कसं, याचं उत्तर नुसते अडथळे लावून मिळत नाही.

उत्तराचा मोठा भाग 29 सप्टेंबर 2024 ला जमिनीखालून आला. त्या दिवशी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं नकाशावर आली. वनाज–रामवाडी मार्गावरून न्यायालयाशी गाडी बदलली की कोथरूडहून थेट मंडई. पुढच्या वर्षीच्या विसर्जनाला मेट्रो रात्रभर धावली, डबे खच्चून भरले. काकांचं गाडीवालं गिऱ्हाईकही आता अधूनमधून मेट्रोनं येतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, जरा नाइलाजानंच.

तिचीही मंडईची खेप हल्ली मेट्रोनंच होते. गुडघे कुरकुरतात, पण स्थानकात सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, दिवे लख्ख आहेत. वर आलं की समोर 1886 ची महात्मा फुले मंडई, आणि पायाशी दुचाक्यांची रांग, हातगाड्या, रिक्षावाल्यांचा गलका. काही हजार कोटींच्या कामानंतर ती भाजीवालीपर्यंतच्या शेवटच्या शंभर पावलांत दोनदा रस्त्यावर उतरते.

सूचना-हरकतींच्या अर्जांची तिची एक जाडजूड फाइल झाली आहे. नुकत्याच दिलेल्या अर्जात नवा पूल नाही, नवं सुशोभीकरण नाही. स्थानकाच्या दारापासून बाजारापर्यंत सलग एका पातळीवरचा फूटपाथ हवा, हातगाडीवाल्यांना त्यातच आखलेली जागा हवी आणि सिग्नलला म्हातारं माणूस पलीकडे पोचेल इतका वेळ हवा. सोबत तिनं हातानं काढलेला नकाशा जोडला आहे. त्यात भाजीवाल्या बसतात त्या जागा हिरव्या पेन्सिलीनं रंगवल्या आहेत, म्हणजे त्यांना हलवून फूटपाथ मोकळा केला असं कुणी म्हणू नये.