पार्सल कुणाचं, पार्सलवाला कुणाचा

आमच्या लहानपणी घरी पार्सल यायचं ते वर्षाकाठी दोन-चार वेळा, आणि पार्सलाच्या आधी पत्र यायचं. ‘आज पार्सल टाकलं आहे, पोचल्याचं कळवावे.’ तिथून वाट बघणं सुरू व्हायचं. आता पार्सल आठवड्याला दोन-चार येतात आणि आत काय आहे हे मागवणाऱ्यालाही पटकन आठवत नाही. वाट बघण्यात गोडी होती, असं आम्ही मुलांना सांगतो. गोडी होती हे खरं. फुटलेली लोणच्याची बरणी आणि बुरशी धरलेले लाडू हेही त्याच टपालाने यायचे, हे सांगायचं मात्र राहून जातं.

पार्सल पाठवणं म्हणजे एक सोहळाच असायचा. मुंबईच्या जीपीओबाहेर पार्सल शिवून देणारे बसत. डबा मांजरपाटात घट्ट गुंडाळायचा, कडा आत दुमडायच्या, दाभणाने जवळजवळ टाके घालायचे. मग मेणबत्तीवर लाखेची कांडी धरून शिवणीवर ठिपके पाडायचे आणि ते ओले असतानाच त्यांवर मोहर दाबायची. घरच्यांच्या नजरा त्या लाखेवर खिळलेल्या असत. शिवणाऱ्याच्या बोटांवरच्या भाजल्याच्या खुणा दिसत असूनही दिसत नसत. तो कुणाचा नोकर नव्हता, पोस्टाचा तर नव्हताच. आजारी पडला तर त्याच्या घरी काय शिजतं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

आज सकाळी उपनगरातल्या कुठल्याही डिलिव्हरी हबबाहेर उभं राहावं. पोरं फुटपाथवर पार्सलं पसरून बसलेली असतात. एकेक पार्सल उचलून त्यावर जाड मार्करने विंग आणि फ्लॅट नंबर लिहायचा, मग सोसायट्यांच्या क्रमाने पोत्यात भरायचं. शेवटची सोसायटी तळाला, पहिली वर. हे कौशल्य कुठलंही अ‍ॅप शिकवत नाही, जुना मुलगा नव्याला शिकवतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइल आणि त्यातला डेटाही त्याचाच. मजुरी पोचलेल्या पार्सलामागे. पत्ता सापडला नाही, गिऱ्हाईक फोन उचलत नाही, म्हणजे त्या खेपेचं पेट्रोल पाण्यात. रोखीच्या पार्सलांचा संध्याकाळचा हिशेब कमी भरला तर फरक त्याच्या खिशातून.

पोस्टमनकाकांची गोष्ट वेगळी होती. ते दारात आले की आधी पाणी मागायचे, मग मनीऑर्डर मोजायचे. कुणाच्या मुलाला नोकरीचं पत्र आलंय हे त्यांना आईबापांच्या आधी कळायचं. दिवाळीत त्यांच्या हातावर पोस्त ठेवल्याशिवाय फराळाला चव यायची नाही. खाकी गणवेश होता, रजा होती, पेन्शन होती आणि युनियनही होती. जुलै १९४६मध्ये देशभरातल्या टपाल कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी इतर कामगारही रस्त्यावर उतरले होते. स्वातंत्र्यानंतर १९६० आणि १९६८ साली केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपांत टपालवाले होते आणि त्यासाठी अनेकांनी निलंबन सोसलं. काकांची पेन्शन सरकारच्या दयेतून आलेली नव्हती, ती भांडून मिळालेली होती. आम्हाला त्यांचं हसू आठवतं, भांडण आठवत नाही.

आणि हे झालं शहरातलं. गावाकडे आम्ही ज्यांना पोस्टमन म्हणत होतो, ते बहुतेक ठिकाणी खात्याच्या नियमित नोकरीत नव्हतेच. त्यांना ‘ईडी’ म्हणजे ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ एजंट म्हणत, आता ग्रामीण डाक सेवक म्हणतात. दिवसाचे काही तास काम, वेतनाऐवजी भत्ता, आणि पोटासाठी दुसरं उत्पन्न असलं पाहिजे अशी अट. ते नागरी पदावर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला १९७७ साली सांगावं लागलं. तरीही नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा त्यांना मिळाला नाही. २०१८च्या उन्हाळ्यात वेतनवाढीसाठी ते दोन आठवड्यांहून अधिक काळ संपावर होते. ज्या जुन्या काळाला आम्ही कुरवाळतो, त्यातही अर्धा माणूस नोकरीत आणि अर्धा बाहेर ठेवायची युक्ती होतीच.

आज ती युक्ती करारात लिहून येते. मुलगा कंपनीचा नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे, असं मोबाइलवरच्या त्या लांबलचक मजकुरात म्हटलेलं असतं आणि खाली ‘मान्य’ दाबल्याशिवाय काम सुरू होत नाही. पण टी-शर्ट कंपनीचा, बॅग कंपनीची, मार्ग अ‍ॅप ठरवणार, दर अ‍ॅप बदलणार, आणि गिऱ्हाइकाशी वाजलं तर आयडी बंद. पूर्वी साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून बाजू मांडता यायची. आता समोर साहेबच नाही.

हा खटका जगभर उडालेला आहे. अमेरिकेत यूपीएसच्या १ लाख ८५ हजार कामगारांनी १९९७मध्ये पंधरा दिवस संप करून हजारो अर्धवेळ कामांच्या जागी पूर्णवेळ नोकऱ्या मिळवल्या, कारण ते कर्मचारी होते आणि टीमस्टर्स युनियन त्यांच्या पाठीशी होती. त्याच रस्त्यांवर पार्सलं पोचवणारे फेडएक्स ग्राउंडचे चालक कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार होते. २०१४मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या चालकांच्या बाबतीत निकाल दिला. गणवेश कसा, गाडीचा रंग कुठला, केस-दाढी कशी, हे सगळं कंपनी ठरवत असेल तर हे कर्मचारीच आहेत, असं न्यायालयाने म्हटलं.

आपल्याकडे मात्र या प्रश्नाचं एक उत्तर फार आधी सापडलेलं होतं आणि ते मुंबईच्या हमालांनी शोधलं. मशीद बंदरच्या बाजारपेठेत सातारा, सांगली, जुन्नरकडून आलेली माणसं पाठीवर गोणी वाहायची. आज एका पेढीचा माल, उद्या दुसऱ्या पेढीचा. प्रत्येक व्यापारी म्हणायचा, हा माझा माणूस नाही. मजुरी मुकादमाच्या हातून, तीही तो देईल तितकी. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र केलं आणि १९६९मध्ये माथाडी कायदा झाला. त्याचं मर्म साधं आहे. एक मालक नसेल तर सगळे मालक मिळून जबाबदार. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळात भरायची. मंडळाने हमालाला पगार द्यायचा, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार बघायचे. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. नवी मुंबईत माथाड्यांची घरं आणि रुग्णालय उभं राहिलं ते यातूनच.

या व्यवस्थेलाही कीड लागली. माथाडीच्या नावाखाली उद्योजकांकडून पैसे उकळणारे निघाले, युनियनचे पुढारी गब्बर झाले, बायका आणि परप्रांतीय बऱ्याचदा दारातच अडवले गेले. जुन्या युनियनची आठवण काढताना हे झाकून ठेवायचं कारण नाही. पण वर्गणीची पावती फाडून घेणारा हमाल आणि गेटसभेत मागे उभं राहून बिडी ओढत ऐकणारा कामगार यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आपलं गाऱ्हाणं आपल्या एकट्याचं नाही.

आज गेट उरलेलं नाही, पण सभा पुन्हा भरू लागली आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरकपातीचा स्क्रीनशॉट पडतो आणि तासाभरात दहा-बारा मुलं हबबाहेर गाड्या लावून उभी राहतात. २०२५च्या ३१ डिसेंबरला, ऐन गर्दीच्या दिवशी, देशभर अ‍ॅपवरच्या कामगारांच्या संपाची हाक दिली गेली. त्याआधीच्याच महिन्यात केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. केंद्रीय कायद्यात तिने पहिल्यांदाच गिग कामगाराची दखल घेतली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावेत असं ठरवलं. अपघात, आजारपण, म्हातारपण यांची सोय त्यातून होऊ शकेल. किमान मजुरी आणि एकत्र बसून दर ठरवण्याचा हक्क मात्र त्या तरतुदींत नाही. राजस्थानने २०२३मध्ये आणि कर्नाटकने २०२५मध्ये आपापले कायदे केले. माथाडी मंडळाची कल्पना ज्या राज्याने घडवली, त्याने या रांगेत सर्वांत पुढे असायला हवं.

आज अ‍ॅप पत्ता विचारताना पिनकोड मागतं. तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ला टपाल खात्याने सुरू केला. जुन्या टपालाची ती चीज नव्या कंपन्यांनी आनंदाने उचलली, कारण ती फुकट होती. रजा, पेन्शन आणि दाद मागण्याची जागा मागेच राहिली, कारण त्यांना पैसे पडतात. ते पैसे कंपनीने भरावेत, आणि प्रत्येक पार्सलामागे थोडे आम्हाला भरावे लागले तर आम्हीही भरावेत. पोस्त आम्ही मनापासून देत होतो, पण ती आमच्या मर्जीवर होती. पेन्शन मात्र काकांच्या हक्काची होती. पार्सल घेऊन जिने चढणाऱ्या मुलाला यांतलं दुसरं मिळायला हवं. त्यासाठी तो उद्या संपावर गेला आणि आमचं पार्सल चार दिवस रखडलं, तर ते चार दिवस आम्ही बिनतक्रार काढू. वाट बघायची सवय असलेली आमची शेवटची पिढी आहे.