विषय, संदर्भ आणि गुंजालाची लिपी

सरकारी पत्राच्या डोक्यावर दोन ओळी असतात, 'विषय' आणि 'संदर्भ'. गेली वीस-बावीस वर्षे पणजीत कारकुनी करताना या दोन ओळी मी किती वेळा लिहिल्या असतील, त्याची गणती नाही. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांना मी सगळ्यांत आधी हेच सांगतो. पत्रातला मजकूर थोडा वेडावाकडा झाला तरी साहेब सही करतील. पण विषयाची ओळ चुकली तर कागद भलत्याच फायलीत जाऊन बसेल, आणि मग तो ब्रह्मदेवालाही सापडायचा नाही. आवक-जावक वहीत ज्याची धड नोंद नाही, तो कागद असून नसल्यासारखाच!

हे सगळे आठवले ते आमच्या आदिलाबादच्या भाच्यामुळे. माझे साडू तिकडचे. मुलगा हैदराबादला संगणकाचे शिकून आलेला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. मी गोव्यातल्या जत्रा, देवळे, रीतिरिवाज यांवर महाजालावर जे काही लिहून ठेवतो, ते त्याने एका बैठकीत चाळले आणि म्हणाला, "काका, लेख चांगले आहेत हो. पण गूगलला ते आहेत हेच ठाऊक नाही!"

मग त्याने मला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' समजावून सांगितले. नाव मोठे आहे, पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की बाबारे, ही तर आमचीच विद्या! शोधयंत्र पानोपान फिरते, कुठल्या पानावर कुठले शब्द आहेत याची भलीमोठी सूची करून ठेवते, आणि कोणी काही विचारले की ती सूची उघडते. शीर्षक म्हणजे विषयाची ओळ. दुवे म्हणजे संदर्भ. चित्राखाली किंवा चित्राच्या पोटात लिहायचे वर्णन म्हणजे सोबत जोडलेल्या कागदांची यादी. यंत्राला फोटो माणसासारखा पाहता येत नाही, म्हणून 'शिरगावच्या जत्रेतले होमकुंड' असे शब्दांत लिहून ठेवावे लागते. यात जादू कसली? नीट नोंद ठेवणे, एवढेच.

पण ही विद्या मराठीवर चालवू लागले की एकेक गंमत दिसते. पहिली गंमत टेम्पलेटची. भाच्याने मला एक देखणा साचा बसवून दिला. इंग्रजीत तो खरोखरच सुरेख दिसत होता. पण शीर्षकातली अक्षरे त्यात ऐसपैस, एकमेकांपासून दूर बसत. रोमन अक्षरांना ते शोभते. आपल्या देवनागरीची शिरोरेखा मात्र जागोजागी तुटली आणि शब्द दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसू लागला. दोन ओळींमधले अंतर इतके कमी, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडत होते. साचा करणाऱ्याचा यात दोष नाही. अक्षराच्या डोक्यावर आणि पायाखालीही काही असते, हे त्याच्या लिपीने त्याला कधी सांगितलेच नाही.

दुसरी गंमत प्लगइनची. लेख तपासून हिरवा नाहीतर लाल दिवा दाखवणारे एक यंत्र भाच्याने जोडून दिले होते. मुख्य शब्द म्हणून मी 'डिचोली' दिले. लेखात डिचोली पंधरा-वीस वेळा आलेली, तरी दिवा लालच! कारण मी लिहिले होते 'डिचोलीत', 'डिचोलीची', 'डिचोलीहून'. इंग्रजीत 'इन', 'ऑफ', 'फ्रॉम' शब्दाबाहेर उभे राहतात; मराठीत ते शब्दाच्या अंगालाच चिकटतात. 'घोडा'चे 'घोड्याला' झाले की मूळ शब्दही हातचा जातो. आता दिवा हिरवा करण्यासाठी मी 'डिचोली या ठिकाणी', 'डिचोली येथून' असे लिहायचे का? म्हणजे कचेरीतली मराठी घरीही आणायची! मी ते यंत्र काढून टाकले. मोठी शोधयंत्रे पुष्कळ शहाणी झाली आहेत, त्यांना ही रूपे बऱ्यापैकी कळतात. या छोट्या यंत्राला कळत नव्हती.

तिसरी गंमत पत्त्याची. देवनागरी शीर्षक पानाच्या पत्त्यात ठेवले आणि तो पत्ता उचलून कुणाला पाठवला, तर पुष्कळदा टक्क्याची चिन्हे, रोमन अक्षरे आणि आकडे यांची लांबच लांब माळ उमटते. कारण देवनागरीच्या एकेका चिन्हासाठी अशी नऊ अक्षरे खर्ची पडतात. 'आदिलाबाद' या नावात काना-वेलांटी धरून आठ चिन्हे आहेत. म्हणजे एका गावाच्या नावाला ७२ अक्षरे! तिथे मात्र मी भाच्याचे ऐकले आणि पत्ता रोमनमध्ये ठेवला. पत्ता पोस्टमनसाठी असतो; पत्र आपल्या भाषेत असले म्हणजे झाले.

असो. हे सगळे वरवरचे. त्याखाली एक पायरी आहे आणि ती नसेल तर साचे, प्लगइन, दिवे सगळे फुकट. ती पायरी म्हणजे अक्षराला स्वतःचा क्रमांक असणे.

मराठीत टंकलेखन सुरू केलेल्या माझ्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. तेव्हा प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. ती खिचडी हेच खरे रूप होते! संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असत, फाँट त्यांना वरून देवनागरीचा अंगरखा घाली. माणसाला मराठी दिसे, यंत्राला नाही. त्यामुळे त्या काळचे कितीतरी मराठी लेखन जालावर असूनही शोधात सापडत नसे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला आपले क्रमांक मिळाले होते, पण घरच्या संगणकावर ते यायला विंडोज २००० आणि एक्सपी उजाडावे लागले. आणि एक्सपीतही सीडी घालून, चौकटीत खूण करून भारतीय लिप्या जाग्या कराव्या लागत. तोवर चौकोनच चौकोन.

अजूनही सगळे सुरळीत झालेले नाही. 'वाऱ्यावर' या शब्दातला तो पापणीसारखा अर्धा 'र' दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, पोटातले क्रमांक वेगळे. एकाने एका तऱ्हेने लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधले, तर चुकामूक व्हायची. 'ॲ' या आपल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली.

आम्हा गोवेकरांना मात्र या दुखण्याची ओळख त्याहून फार जुनी आहे. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला पत्र पाठवून कळवले होते की इथल्या भाषेतली पुस्तके इथल्याच लिपीत छापावीत अशी फार इच्छा आहे. पण युरोपात २४ साच्यांवर भागते, इथे सुमारे ६०० लागतील, आणि ते पाडणे अशक्य वाटते. शेवटी त्यांचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत. मराठी ग्रंथ, अंगरखा रोमन! देवनागरीत ते छापून निघाले १९५६ साली. मध्ये ३४० वर्षे गेली.

आता आदिलाबादकडे वळतो, कारण ही गोष्ट तिथे आज घडते आहे.

आदिलाबाद हे नाव आदिलशहावरून पडले असे सांगतात. पणजीत मांडवीकाठी आदिलशहाचा राजवाडा रोज पाहणाऱ्या मला त्यामुळे ते गाव उगाच नात्यातले वाटते. निजामाच्या राज्यातला हा जिल्हा १९५६ ला आंध्रात गेला. त्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेवढे इकडे आले, किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे आणि राजुरा चंद्रपुरात. २०१४ ला तेलंगण झाले, २०१६ ला जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पण पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर बोली तीच. आदिलाबादच्या बाजारात तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने नांदताना मी ऐकली आहेत.

याच जिल्ह्यात नारनूर मंडलात गुंजाला नावाचे गाव आहे. तिथे २००६ साली हैदराबादचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांच्या चमूला गोंडी भाषेतली हस्तलिखिते मिळाली, आणि त्यांची लिपी देवनागरीही नव्हती, तेलुगूही नव्हती. गोंडांची स्वतःची लिपी! साधारण १७५० च्या सुमाराची मानतात. त्या लिपीला 'गुंजाला गोंडी' हेच नाव मिळाले आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत तिचे क्रमांक ठरले. आम्हा कारकुनांची जुनी लिपी जी मोडी, तिला २०१४ साली मिळाले, त्यानंतर चार वर्षांनी.

मराठी माणसाने यात लक्ष का घालावे? एक तर आदिलाबादकडचे परधान. गोंडांच्या कुळकथा गाणारे हे लोक. गातात गोंडीत, किक्री नावाच्या तंतुवाद्यावर, पण त्यांची घरची भाषा पिढ्यान् पिढ्या मराठी. दुसरे म्हणजे, १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाईला गोंड मुलांसाठी शाळेची योजना निघाली, तेव्हा गोंडीची क्रमिक पुस्तके छापली गेली ती देवनागरीत. म्हणजे रोमन लिपीने आपल्यासाठी जे काम केले, ते देवनागरीने त्यांच्यासाठी केले. उपकारच होता तो; पण अंगरखा तो अंगरखा.

आणखी एक हिशेब मला गोवेकर म्हणून बोचतो. २०११ च्या जनगणनेत कोकणी मातृभाषा सांगणारे साधारण साडेबावीस लाख आणि गोंडी सांगणारे २९ लाखांहून अधिक. कोकणी १९९२ साली आठव्या अनुसूचीत आली. गोंडी अजून नाही. कोकणीचा विकिपीडिया २०१५ पासून आहे. गोंडी बोलणारे अनेक राज्यांत विखुरलेले आहेत, त्यामुळे मुलांना शाळेत कुठे तेलुगू, कुठे मराठी, कुठे हिंदी शिकावी लागते. पाठीशी एखादे राज्य असले की भाषेची नोंद आपोआप होते, नसले की ज्याची त्याने करावी लागते.

त्या दिवाळीत भाचा आणि त्याचा एक गोंड मित्र यांच्याबरोबर मी गुंजालाला जाऊन आलो. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मध्येच सागाची झाडे. वाटेत एका गावात दंडारी चालली होती, मोरपिसांचा मोठा टोप घातलेले गुसाडी नाचत होते. परतताना त्या मित्राने आपले नाव गुंजाला लिपीत टंकून आम्हा दोघांना पाठवले. भाच्याच्या नव्या फोनवर अक्षरे नीट उमटली. माझ्या जुन्या फोनवर चौकोन! एक्सपीच्या दिवसांतले तेच ते चौकोन. मला हसू आले, पण तो मुलगा हसला नाही. म्हणाला, "सर, सगळ्यांच्या फोनवर दिसेल तेव्हा खरे."

घरी आल्यावर मी गुंजालावर लेख लिहिला, आणि आमचा वाद झाला तो शीर्षकावरून. भाच्याचे म्हणणे होते, 'आदिलाबादमधील १० प्रेक्षणीय स्थळे' असे द्या, कुंतला धबधबा वर घ्या, गुंजाला सातव्या क्रमांकावर टाका. लोक धबधबा शोधतात, लिपी कोण शोधतो? व्यवहारात तो खोटे बोलत नव्हता. पण ज्याची नोंदच नव्हती, ते कोणी शोधणार तरी कसे? लोक जे शोधतात तेवढेच लिहायचे ठरवले, तर यंत्राला आधीच ठाऊक असलेलेच आपण त्याला पुन्हा पुन्हा सांगत बसू. विषयाची ओळ मजकुरावरून लिहायची असते. ओळ आधी ठरवून तिच्यापुरता मजकूर लिहिला, तर ते पत्र कोणत्याही कचेरीत परत येईल.

म्हणून मी शीर्षक साधे ठेवले, 'आदिलाबादची गुंजाला गोंडी लिपी'. लेखात 'गुंजाला' आणि 'गुंजाळा' ही दोन्ही रूपे एकेकदा आणली, म्हणजे कोणी कसेही शोधले तरी चुकामूक नको. चित्रांची वर्णने लिहिली, साचा बदलून शिरोरेखा जोडून घेतली, आणि त्या मुलाच्या परवानगीने गोंडी लिपीतली एक ओळ चित्र म्हणून न लावता अक्षरे म्हणून टंकली. ज्यांच्या फोनवर चौकोन दिसतील त्यांनी राग मानू नये. त्या चौकोनांच्या मागे अक्षरे आहेत, क्रमांकासकट.

भाच्याने मध्यंतरी आकडे पाहून सांगितले की तो लेख फारसा कोणी वाचत नाही. पण एक माणूस चंद्रपूरकडून 'गोंडी लिपी' असे मराठीत शोधत तिथवर आला होता, आणि बराच वेळ थांबला होता म्हणे.